ताई कॉलेजात जाते!

पनवेल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? गोव्याला जाताना पळस्पे फाट्यावर खाल्लेला वडा, कर्नाळ्याचा तो अंगठा आणि एसटी स्टँडवरची गर्दी. फार तर नवा विमानतळ. बस्स! मीही त्याच पंथातली. पण गेल्या शनिवारी सीएसएमटीहून हार्बर पकडली, सव्वा तास खिडकी धरून बसले आणि चक्क एका विद्यार्थिनीला भेटायला पनवेलला उतरले. विद्यार्थिनीचं वय वर्षं ३७. माझी मावसबहीण, आमची ताई.

ताई इलेक्ट्रॉनिक्स इंजिनीअर, एमटेक. सॉफ्टवेअरमध्ये चौदा वर्षं, टू बीएचके, त्याचा हप्ता, दुसरीतली लेक. एकदम सेट! आणि हिने पीएचडीला अ‍ॅडमिशन घेतली. मावशीचा मला फोन : ‘तू जर्नालिस्ट ना? काढ तिच्या डोक्यातून हे खूळ.’ म्हणजे मी निघाले होते ते तिला समजवायला.

ताईने घरी नेलंच नाही. रिक्षा थेट गाढी नदीवरच्या पुलाकडे! २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे मुंबईकरांना पाठ आहे. त्या दिवशी गाढीही पनवेलमध्ये शिरली होती. ताई तेव्हा बारावीत. ‘पाणी चढतंय हे कळलं, तेव्हा ते उंबऱ्याच्या आत होतं,’ ती म्हणाली. तिचं संशोधन यावरच आहे : पुलाखाली लावायचा स्वस्त सेन्सर, पाणी चढायला लागलं की आधीच सांगणारा.

फंडा सोपा आहे. सेन्सर खाली आवाज सोडतो, तो पाण्यावर आपटून परत येतो. पाणी तीन मीटर खाली असेल तर यायला-जायला साधारण १८ मिलिसेकंद. पण हवा १० अंशांनी तापली की आवाजाचा वेग सेकंदाला सहा मीटरने वाढतो आणि मोजमाप पाच सेंटिमीटरने चुकतं. ‘ही चूक पकडायची, तीही झोपडीतल्या माणसाला परवडेल एवढ्या पैशात,’ ताई सांगत होती. ऑफिसबद्दल बोलताना तिचे डोळे असे कधी चमकलेले मला आठवत नाहीत.

मग मी मुद्द्यावर आले. पैशांचं काय? तिने हिशेब मांडला. यूजीसीच्या जेआरएफ फेलोशिपला वयाची मर्यादा ३०, बायकांना पाच वर्षं सवलत. म्हणजे ही दोन वर्षांनी आऊट! म्हणून नोकरी सोडलेली नाही. २०२२ च्या नियमांत पार्टटाइम पीएचडीची सोय आहे, मात्र कंपनीचं ना-हरकत पत्र लागतं. मुदत सहा वर्षं, फेरनोंदणी करून आणखी दोन आणि बायकांना वर दोन. ‘ते पत्र मागायला गेले तर बॉस हसला,’ ती म्हणाली. ‘पण सही केली.’

आणि वर्गात? शेजारी बसणारी मुलं चोवीस-पंचवीसची. पहिल्या दिवशी एकाने हिला ‘मॅडम’ म्हणून उठून जागा दिली, प्रोफेसर समजून! ताई हे हसत सांगत होती. मला मात्र हसू आलं नाही.

परतताना कळंबोलीच्या रस्त्यावर तिने भारतीय भूचुंबकत्व संस्था दाखवली. कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. १९०० मध्ये घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवायचं ठरलं. विजेने नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. पण कुलाबा लगेच बंद नाही केलं. १९०६ पर्यंत दोन्हीकडे जोडीने नोंदी घेतल्या, जुन्याचा नव्याशी मेळ बसावा म्हणून. त्याच वेधशाळांचा वारसा आज ही संस्था चालवते.

‘माझंही सध्या तेच चाललंय,’ ताई म्हणाली. ‘दिवसा कुलाबा, रात्री अलिबाग.’

रात्रीच्या लोकलमध्ये मावशीचा फोन आलाच. ‘काय गं, निघालं का डोक्यातून?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘मावशी, तू एक कर ना. शनिवारी नातीला तुझ्याकडे ठेव. ताईचं लेक्चर असतं.’

बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग, ‘किती वाजता असतं?’