पाणंदीतल्या बाभळी

आमच्या धाराशिव जिल्ह्यात मार्गशीर्षाच्या अमावस्येला गावात माणूस सापडत नाही. येळवस म्हणजे सगळं गाव रानात. कडब्याची कोप, कोपीत पांडव, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. पूर्वी बैलगाड्या जुंपून जायचे. आता पुण्या-मुंबईची पोरं, लेकी-जावई मोटारी घेऊन थेट बांधापर्यंत येतात. पाणंद मात्र बैलगाडीच्याच मापाची राहिली, अन् दोन्हीकडच्या बाभळी दरसाल वीतभर आत सरकतात.

२०२४ ची येळवस ३० डिसेंबरला, सोमवारी होती. धाकट्या लेकीची लग्नानंतरची पहिलीच. जावईबापू नवी काळी गाडी घेऊन आले. हप्त्यावरची, दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. रानात उतरून बघतात तर डावी बाजू पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत ओरखडलेली. ते काही बोलले नाहीत, पण उंडा हातात तसाच राहिला. लेक माझ्याकडं बघंना. माहेरच्या वाटेनं गाडीची वाट लावली, हे तिला सासरी किती वर्षं ऐकावं लागलं असतं कुणास ठाऊक.

त्या बाजूच्या बाभळी माझ्या थोरल्या भावाच्या बांधावरच्या. वाटणीपासून आमचं बोलणं बंद. बाभळीचा विषय काढला की बांधाचा वाद निघायचा, म्हणून सहा वर्षं तिथं कुणी कोयता लावला नव्हता. माझा पोरगा तडकून उठला, "आता चुलत्याला इचारतोच."

मी म्हणलं, "आधी गाडी बघू. बाभळी कुठं पळून जात न्हाईत."

दहावीनंतर मी दोन वर्षं सोलापुरात एका पेंटरच्या हाताखाली गाड्या घासल्या होत्या. तेव्हा फियाट अन् ॲम्बॅसिडर. एकेरी रंग, रबिंग केलं की फडक्याला रंग लागायचाच. आताच्या गाडीला रंगावर बिनरंगी क्लिअरचा थर असतो. साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा पातळ. सगळी चकाकी त्या थराची. ओरखडा तिथपर्यंतच असला तर हातानं निघतो. फडक्याला रंग दिसला की समजायचं, क्लिअर संपला, थांबा.

दुसऱ्या दिवशी तुळजापुरातून २००० नंबरचा पाण्याचा पेपर, रबिंग कंपाउंड अन् पॉलिश आणलं. गाडी घरापुढं लिंबाच्या सावलीत लावली. तापलेल्या पत्र्यावर हे काम करू नये. आधी भरपूर पाणी मारून धूळ काढली. आपली माणसं कोरड्या टॉवेलानं गाडी पुसतात, तेव्हा मातीतले खडे कानशीसारखे फिरतात अन् नवेच ओरखडे उठतात.

मग ओल्या बोटानं एकेक रेघ बघितली. पाणी लागल्यावर जी दिसेनाशी होते ती वरवरची. नंतर नख फिरवलं. नख अडकलं तर रेघ खोल, तिथं घासून उपयोग नाही. नख अडकलं ते एकाच ठिकाणी, मागच्या दाराच्या मुठीखाली.

पेपर साबणाच्या पाण्यात भिजवला, कडांना चिकटपट्टी लावली, कारण कडेला रंग पातळ असतो. हलक्या हातानं घासलं. चमक जाऊन पत्रा राखेसारखा झाला तसे जावई घाबरले.

"मामा, हे आणखीच बिघडलं!"

"पाव्हणं, दम धरा. पोळ्याला बैलाची शिंगं आधी तासतो, मगच हिंगूळ लावतो."

कंपाउंड मऊ फडक्यावर घेऊन घासत गेलो तशी धुरकट जागा उजळली. वर पॉलिश. काळ्या रंगावर बारीकशी चूकही दिसते, म्हणून वीतभर जागा झाल्याशिवाय पुढं सरकलो नाही. जावयांनीही बाह्या मागं सारल्या. चार तास गेले.

दुपारी थोरला भाऊ वाटेनं चालला होता. गर्दी बघून थांबला. "काय झालं?" कुणालाच म्हणून विचारलं नाही.

पोरगा म्हणाला, "बाभळी."

भाऊ जवळ आला, मुठीखालच्या रेघेवरनं नख फिरवलं, अन् गेला.

सकाळी पाणंदीतनं कोयत्याचा आवाज आला. जाऊन बघतो तर भाऊ एकटाच फांद्या पाडतोय. मी माझ्या बाजूनं सुरू केलं. तासाभरानं तो म्हणाला, "काटं पेटवून दे, न्हाईतर बैलाच्या पायात जातील." सहा वर्षांतलं पहिलं बोलणं ते.

बांधाचा वाद अजून आहे. मोजणीचा अर्जही आहे. पण पाणंद मोकळी आहे, अन् दिवाळी झाली की दोघंही आपापली बाजू छाटतो. मुठीखालची रेघ मात्र राहिली. टच-अपचा रंग भरून घ्या, पत्रा उघडा पडला असला तर गंजेल, असं मी जावयांना सांगितलं. त्यांनी तो भरला. उन्हात तिरपं बघितलं तर दिसतो. ज्यांच्याकडं येळवशीला गाड्या येतात त्यांना एवढंच सांगतो: पेपर-पॉलिश मिळतं कुठंही, पण आठ दिवस आधी कोयता घेऊन पाणंदीत एक चक्कर मारा.