घाटकोपरचा पाचवा माणूस

 घाटकोपरचा विमान अपघात झाला तो दिवस २८ जूनचा.

२०१८ साली याच तारखेला, भर दुपारी, पावसात एक किंग एअर सी-९० जातीचं छोटं खासगी विमान सर्वोदयनगरच्या जीवदया गल्लीत एका बांधकामावर कोसळलं. जुहूहून चाचणीसाठी उडालं होतं. आधी उत्तर प्रदेश सरकारचं, मग खासगी कंपनीनं विकत घेतलेलं. आत चौघं होते. चौघंही गेले. आणि पाचवा, खालून चालत जाणारा एक माणूस.

बांधकामावरचे मजूर जेवायला गेले होते, म्हणून आकडा पाचवर थांबला.

घाटकोपर म्हणजे साष्टी बेट. बेटावर माणसं अशी दाटीनं राहतात की विमान पडायला मोकळी जागाच नाही. आणि तिथं आपलीच माणसं आहेत, सातारा जिल्ह्यातले किती माथाडी त्या भागात राहतात! त्या दुपारी रहिमतपूरहून मला फोनवर फोन. "दादा, कुठल्या गल्लीत पडलंय? आमचं पोरगं तिकडंच असतं." विमान कुणाचं, हे एकानंही विचारलं नाही.

आता हे आज का लिहितोय? कारण छोटी विमानं आपल्या जवळ आली आहेत. जुलै २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला शिकाऊ विमान शेतात पडलं, वैमानिक तरुणी थोडक्यात वाचली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन पडली. शेत होतं म्हणून निभावलं. आणि आपल्या कराडच्या धावपट्टीच्या विस्ताराची चर्चा तर वर्षानुवर्षं चालूच आहे.

माझा विमानाला विरोध नाही. पोरं वैमानिक व्हावीत, जरूर व्हावीत. पण विस्तार म्हटलं की चर्चा फक्त जमिनीच्या दराची होते. विमान कुठल्या वस्तीवरून जाणार, खाली शाळा आहे का, पडलं तर अग्निशमनची गाडी किती मिनिटांत पोचणार, हे कुणी विचारत नाही.

अपघाताची चौकशी दोष ठरवायला नसते, पुढचा अपघात टाळायला असते. नियमच तसा आहे. मग तो अहवाल ज्यांच्या डोक्यावरून विमान जातं त्यांना मराठीत का मिळू नये? ग्रामपंचायतीत का लावू नये?

पुढच्या ग्रामसभेत एवढं तरी विचारा. पाचव्या माणसाला विचारायची संधीच मिळाली नव्हती.