जूनमध्ये अडलेला ड्रम

मृगाचा पाऊस दोन-तीन दिवस लागून पडला की ठाणे-डोंबिवलीकडून फोन सुरू होतात. "दादा, ड्रायर फिरत नाही." यावर माझा प्रश्न ठरलेला असतो: गरम हवेचा की पिळणारा? सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या अरुंद टबलाही आपल्याकडे ड्रायरच म्हणतात. गरम हवेवर कपडे वाळवणारा ड्रायर हे वेगळंच यंत्र. दोन्हींचे रोग वेगळे, बरोबर न्यायचे सुटे भागही वेगळे.

पिळणाऱ्या टबचं आधी उरकतो. झाकण उघडल्यावर तो झटकन थांबतो तो ब्रेकमुळे. झाकण बंद केलं की एक तार हा ब्रेक ओढून सोडवते. ती सैल झाली की झाकण बंद करूनही ब्रेक चिकटलेलाच राहतो. मोटर गुरगुरते आणि टब जागचा हलत नाही. नाहीतर टबच्या काठावरून घसरलेला रुमाल किंवा बाळाचं झबलं खाली जाऊन अडकलेलं असतं. किंवा दांड्याभोवतीचं रबरी सील गळून मोटरवर पाणी ठिबकत असतं. पुष्कळ मशीनना खालून तळ नसतो, त्यामुळे वायर कुरतडायला उंदरांना मोकळं रान. बहुतेक वेळा अर्ध्या तासाचं काम.

खरी गंमत गरम हवेच्या ड्रायरमध्ये आहे. हे यंत्र थंडीच्या मुलखातलं. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात बर्फाळ हिवाळ्यात दोरीवर कपडे घालायचा त्रास वाचावा म्हणून जे. रॉस मूर या माणसाने खटपट केली आणि 1938 साली विस्कॉन्सिनमधल्या टू रिव्हर्स गावच्या हॅमिल्टन कंपनीने ते बाजारात आणलं. दाराला काच बसवण्याची कल्पना ब्रुक्स स्टीव्हन्स या डिझायनरची. आत फिरणारे कपडे दुकानात गिऱ्हाइकाला दिसावेत, हा हेतू. त्या काचेचे उपकार माझ्यावरही आहेत. ती नसती तर ड्रम थांबलाय हे घरच्यांना कपडे करपल्याशिवाय कळलंच नसतं.

तिकडे ड्रायर बारा महिने चालतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर, फार तर दिवाळीपर्यंत. मग त्याच्यावर चादर पडते, चादरीवर इस्त्रीचे कपडे. माझ्या हातून गेलेल्या अडलेल्या ड्रमांपैकी बरेचसे वापरून झिजलेले नव्हते, पडून राहून बिघडलेले होते. गिऱ्हाइकाला हे पटत नाही. "वर्षभर हातसुद्धा लावला नाही हो!" असं काकू तक्रारीच्या सुरात सांगतात, तेव्हा त्यांनी अर्धं निदान केलेलं असतं.

आतली रचना साधी आहे. बहुतेक घरगुती ड्रायरमध्ये मोटर एकच. तिच्या दांड्याच्या एका टोकाला हवा ओढणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, आणि दुसऱ्या टोकाला बोटाएवढी पुली. या पुलीवरून निघालेला लांब, चपटा बेल्ट अख्ख्या ड्रमला वेढा घालून परत येतो. मोटर मिनिटाला सुमारे 2800 फेरे घेते, ड्रम पन्नासेक. हा पन्नासचा आकडा विचारपूर्वक ठरवलेला आहे. 57 सेंटिमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला 55-56 फेऱ्यांच्या पुढे गेला, तर कपडे भिंतीला चिकटून नुसते गोल फिरतील. त्याहून थोडं हळू फिरवलं की ते माथ्याजवळ पोचून गरम हवेतून खाली कोसळतात. वाळणं होतं ते या कोसळण्यात.

पंखा आणि ड्रम एकाच मोटरवर असल्यामुळे पहिली तपासणी कानाने होते. बटण दाबल्यावर मागच्या पाइपातून हवेचा झोत येतोय आणि ड्रम थांबलेला आहे, याचा अर्थ मोटर ठणठणीत आहे आणि दोष तिच्या नि ड्रमच्या मधल्या भागात. नुसतं "हूंऽऽ" येतंय, झोत नाही, तर वीज मोटरपर्यंत पोचलीय, पण मोटर उठत नाही. काहीच आवाज नाही, तर वीजच अडलीय. फोनवर एवढं नीट ऐकून सांगितलं तरी कोणतं सामान पिशवीत टाकायचं ते मला कळतं.

यानंतर हात. प्लग काढा, दार उघडा आणि ड्रम फिरवून बघा. चांगला ड्रम किंचित जड लागतो, कारण त्याच्याबरोबर बेल्ट आणि मोटरही फिरवावी लागते. हात काढला की तो लगेच थांबतो. एका बोटाने ढकलल्यावर जत्रेतल्या पाळण्यासारखा मोकळा फिरत राहिला, तर बेल्ट तुटला किंवा उतरला. ठरावीक जागी येऊन अडत असेल, तर आत काहीतरी घुसलंय.

बेल्टबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तिथेच घोळ होतात. त्याच्या आतल्या अंगाला उभ्या बारीक धारा असतात आणि त्या ड्रमकडे तोंड करून बसतात. पाठीवर 1975 एच 7 असा काहीतरी आकडा छापलेला असतो: लांबी 1975 मिलिमीटर, एच हा धारांच्या आकाराचा प्रकार, आणि धारा 7. "थोडा लहान चालेल का?" हा प्रश्न दुकानदारही विचारतो. चालत नाही. लहान बेल्ट बेअरिंगवर ताण आणतो, लांब बेल्ट ओलं ओझं पडलं की घसरतो. पुली इतकी बारीक की बेल्टला तिच्यावर पकड मिळायला जागाच थोडी. म्हणून शेजारी स्प्रिंगवर ताणलेलं आयडलर नावाचं छोटं चाक असतं, ते बेल्ट पुलीभोवती जास्त वळवतं. आता आठ महिने यंत्र उभं राहिलं की त्या तीव्र वळणावरचं रबर तेवढंच वळलेलं राहतं आणि कडक होतं. जूनमध्ये ओली जीन्स भरून बटण दाबलं की तडा नेमका तिथे जातो. शिवाय नवा बेल्ट टाकताना आयडलर फिरवून बघत नाहीत असे कारागीर आहेत. अडकणाऱ्या चाकावर घासून नवा बेल्टही त्याच पावसाळ्यात जातो आणि खापर मात्र बेल्टच्या डोक्यावर फुटतं.

काही यंत्रांत बेल्ट तुटला की आयडलरचा दांडा पडून एका स्विचने वीज तुटते आणि मोटरच बंद होते. तिथे शांतता म्हणजेही बेल्ट असू शकतो. हा स्विच नसेल, तर पंखा आणि हिटर आपलं काम करत राहतात आणि एकाच जागी पडलेल्या कपड्यांवर गरम हवा येत राहते.

अडणाऱ्या ड्रमचा हमखास गुन्हेगार म्हणजे परकराची नाडी. ड्रमच्या काठाला नमद्याची पट्टी असते. ती झिजून फट पडली की नाडीचं टोक त्यात शिरतं आणि ड्रमबरोबर गुंडाळत जातं. कपड्यांवर काळपट, भाजल्यासारखे पट्टे दिसू लागले की ही फट पडलीय असं समजावं. त्याकडे डिटर्जंटचा डाग म्हणून दुर्लक्ष होतं.

गुरगुरणाऱ्या मोटरकडे वळू. इथे बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो, साधारण 8 ते 10 मायक्रोफॅरडचा एक छोटा डबा. तो नसेल तर मोटरला कोणत्या बाजूला फिरायचं ते ठरवता येत नाही. वरचं झाकण काढून चालू यंत्राचा ड्रम हाताने ढकलला आणि मोटर उठली, तर दोष पक्का. पण आत उघडा विजेचा जोड आणि तापलेला हिटर असतो, म्हणून हे घरच्यांनी करू नये. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते. मुंबईच्या लोहार चाळीत किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत तो स्वस्तात मिळतो. मायक्रोफॅरडचा आकडा मात्र तोच हवा, आणि व्होल्टचा आकडा जुन्याहून कमी नको.

कपॅसिटर बदलण्याआधी मी प्लग कुठे लावलाय ते बघतो. हिटर दोन हजार वॉटच्या घरातला. तो बारीक वायरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर चालवला, त्यात इमारतीचं व्होल्टेज आधीच पडलेलं. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो: 230 चे 180 झाले की जोर उरतो साठ-एकसष्ट टक्के. ओल्या चादरी घेऊन उठायला तो पुरत नाही. मग मोटर गुरगुरते, तापते, आतलं संरक्षक बटण वीज तोडतं; थंड झाली की पुन्हा गुरगुरते. असं चार वेळा झालं की वाइंडिंग जळतं. भिंतीतल्या 16 अँपिअरच्या सॉकेटला थेट जोडल्यावर बरा झालेला ड्रायर हा माझा सगळ्यात कमी कमाईचा प्रकार आहे.

पूर्ण शांतता असेल तर दाराचा स्विच पाहावा. दार लावताना "टिक" ऐकू आली नाही तर तिथेच थांबावं. काही यंत्रांत थर्मल फ्यूज उडाला की मोटरही बंद पडते. तो नुसता बदलून देणाऱ्याला परत पाठवा. फ्यूज बहुधा उडतो ते हवेची वाट तुंबल्यामुळे, आणि ती तुंबते कपड्यांच्या लवेने. फिल्टर साफ असला तरी मागचा पाइप गच्च असू शकतो. ही लव पेट घेते, हे लक्षात असू द्या.

पडून राहिलेल्या यंत्राच्या या लवेला आपल्या दमट हवेत ओल धरते. ड्रमखालची छोटी चाकं त्यातच बसलेली असतात; त्यांच्या दांड्यांवर गंज चढतो आणि चाक फिरण्याऐवजी घासत राहतं. म्हणून मी सांगतो, दर महिन्याला एकदा ड्रायर दहा मिनिटं रिकामाच फिरवा, चादर काढून. मे महिन्यात मागचा पाइप काढून झटका. पाइपाच्या बाहेरच्या तोंडातून उंदीर येतात हे खरं, पण तिथे बारीक जाळी लावू नका. ती आठवडाभरात लवेने बुजते. हवेच्या झोताने उघडणारी आणि यंत्र थांबलं की आपोआप मिटणारी झडप मिळते, ती बसवून घ्या.