चाल एक, कंठ अनेक

चाल ही कोणा एकट्याच्या मालकीची वस्तू नव्हे, असे आमच्या वाडवडिलांनी ग्रंथांत लिहून ठेवले नसेल. पण ते गात आले ते ह्याच समजुतीने. रामदासांची गणपतीची आरती, त्यांचीच शंकराची, एकनाथांची दत्ताची, नरहरीची देवीची. दैवते चार, कवी तीन. परंतु घरोघर चाल बहुधा एकच. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांतही पदाच्या माथ्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे नाव छापलेले असे. त्यात कोणास उणेपणा वाटत नसे.

हिच्याच जवळची एक रीत सातासमुद्रांपलीकडे जमैका बेटात नांदते आहे. तेथील डान्सहॉल नामक गायनप्रकारात आधी नुसता ठेका व वाद्यांची साथ मुद्रित करतात. तिला 'रिडिम' म्हणतात. मग तिच्यावर अनेक गायक आपापले शब्द व आपापली सुरावट बसवतात. आपल्याकडे चाल सामाईक, त्यांच्याकडे साथ सामाईक, एवढाच भेद. स्टीव्हन 'लेंकी' मार्सडन ह्यांनी रचलेल्या एका रिडिमचे नाव तर 'दिवाली' आहे, आणि तिचा सारा डौल टाळ्यांच्या ठेक्यात आहे! २००२ साली तिच्यावरील अनेक गायकांची गीते एकत्र प्रसिद्ध झाली. शॉन पॉल ह्यांनी तिच्यावर नाचाचे गीत गायिले, वेन वंडर ह्यांनी प्रेमाचे. पैकी पहिले २००३ साली अमेरिकेतील लोकप्रिय गीतांच्या यादीत अग्रस्थानी गेले. दुसऱ्याचे त्यामुळे काही उणे झाले नाही, तेही गाजलेच.

हे सांगण्याचे कारण आमच्या पलसाण्यात आहे. सुरत जिल्ह्यातील ह्या गावी कापडाच्या कारखान्यांच्या आश्रयाने आम्ही काही कुटुंबे राहिलो आहोत. कोणी खानदेशचे, कोणी रत्नागिरीकडचे, कोणी गोव्याचे कोंकणीभाषी. मुले गुजराती शाळेत जातात आणि मराठी आरती गुजराती अक्षरांत उतरवून घेतात. शब्द अडखळतात, पण चाल अडखळत नाही. खानदेशी मंडळी शेवटचा चरण उंच चढवतात, गोवेकर घुमटावर ताल धरतात, आणि तरीही आरती एकत्र संपते.

अलीकडे मात्र उत्सवात ध्वनिमुद्रित आरती लावण्याची सोय झाली आहे. गायन निर्दोष असते. आम्ही सारे हात जोडून मुकाट्याने उभे असतो. जमैकेतील साथही यंत्रातूनच येते. परंतु तिच्यात पुढच्या गायकासाठी जागा मोकळी सोडलेली असते. आमच्या यंत्रात ती उरत नाही. मूल वर्षभरात मोठ्याने मराठी उच्चारते ते बहुधा ह्याच प्रसंगी, आणि तीच जागा आपण भरून टाकतो.

म्हणून आमचे मागणे एवढेच, की आरतीच्या वेळी यंत्र बंद असावे. सूर थोडा चुकेल, शब्द थोडे मोडतील. पण चाल जुनी आहे. तिने ह्याहून अनाडी कंठ सांभाळले आहेत.