शेवटच्या हप्त्याची तारीख

"हप्ता साडेतीन हजारानं कमी होऊन रायला सर, करून टाकू का?"

सास्तीच्या कोळसा खाणीत काम करणारे एक गृहस्थ गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर घरी आले होते. राजुऱ्यात बांधलेलं घर, वय पंचेचाळीस, गृहकर्जाचे 20 लाख बाकी, व्याज साडेनऊ टक्के, पंधरा वर्षं उरलेली. दुसरी संस्था साडेआठ टक्क्यांनी कर्ज 'टेकओव्हर' करणार होती. मी विचारलं, "भाऊ, शेवटचा हप्ता कधी?" त्यांना सांगता येईना. नव्या कर्जाच्या कागदावर मुदत वीस वर्षं होती आणि सहकर्जदार म्हणून मुलाचं नाव. खाणीतला पगार साठाव्या वर्षी थांबणार, हप्ता पासष्टाव्या वर्षापर्यंत चालणार.

आम्ही वहीवर आकडे मांडले. आजचा हप्ता 20,884 रुपये, नवा 17,356. पण 180 हप्त्यांचे होतात 37.59 लाख आणि 240 हप्त्यांचे 41.65 लाख. व्याज एक टक्क्यानं उतरूनही चार लाख जास्त! मुदत पंधराच वर्षं ठेवली, तर हप्ता 19,695 होतो आणि दोन लाखांवर वाचतात. मला सगळ्यात आवडतो तो तिसरा मार्ग: दर साडेआठ, पण हप्ता जुनाच, 20,884. मग कर्ज सुमारे 161 महिन्यांत, म्हणजे दीड वर्षाहून अधिक आधी फिटतं आणि चार लाख वाचतात. दर तोच, घर तेच. मुदतीच्या एका रकान्यानं चार लाखांचा तोटा होतो किंवा चार लाखांचा फायदा.

मी बँकेच्या कर्ज विभागात होतो तेव्हा अशी प्रकरणं मंजूर केली आहेत. हप्ता उतरलेला पाहून माणूस खूश होऊन जायचा आणि मुदतीचा रकाना मी बोटानं दाखवत नसे. ती रुखरुख अजून आहे.

पंधरा वर्षं उरली कशी, हाही प्रश्नच होता. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर 4 वरून 6.50 टक्क्यांवर गेला. तेव्हा अनेक बँकांनी हप्ता तसाच ठेवून महिने वाढवले, आणि पगारातून कपात तेवढीच होत असल्यानं कुणाच्या लक्षात आलं नाही. फेब्रुवारी ते जून 2025 मध्ये रेपो 5.50 पर्यंत उतरला, पण या गृहस्थांचं कर्ज 2017 चं, एमसीएलआर या बँकेच्या स्वतःच्या जुन्या दरावरचं. बँकांना नवी फ्लोटिंग गृहकर्जं रेपोसारख्या बाह्य दराशी जोडणं बंधनकारक झालं ते 1 ऑक्टोबर 2019 पासून. जुनं कर्ज अर्ज केल्याशिवाय सहसा तिकडे वळत नाही.

म्हणून आधी आपल्याच बँकेत जावं. दर बदलून घ्यायला थोडी फी पडते, पण घराचे कागद जागचे हलत नाहीत. संस्था बदलायची तर प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट, मूल्यांकन, गहाणाचं मुद्रांक शुल्क, नोटिशीची नोंदणी असं सगळं नव्यानं. समजा 25 हजार लागले. महिन्याला 1,189 वाचत असतील, तर ते भरून निघायला एकवीस महिने हवेत. कर्ज तरुण असेल तर ते परवडतं. पाच लाख बाकी आणि चारच वर्षं उरली असतील, तर त्याच एका टक्क्यानं सगळे मिळून साडेअकरा हजारही वाचत नाहीत. तिथे मी सरळ नको म्हणतो.

फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर बँक मुदतपूर्व फेडीचा दंड लावू शकत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम 2012 चा. तरीही दंडाच्या भीतीनं गप्प बसलेली माणसं मला आजही भेटतात. कर्ज फिटल्यावर मूळ कागद 30 दिवसांत परत द्यावे लागतात, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई, हेही त्यांना माहीत नसतं.

ते गृहस्थ आपल्याच शाखेत गेले. अर्जात मी त्यांना एक ओळ जास्तीची लिहायला लावली: 'हप्ता कमी करू नये, मुदत कमी करावी.' नवा तक्ता हातात आला तसा त्यांनी मुलाला फोन लावला आणि शेवटच्या ओळीतला महिना व साल वाचून दाखवलं.