भाड्याची भिंत आणि अकरा किलोवॅट

२०२४च्या ऑक्टोबरात मी घरमालकांना पत्र लिहिलं. ईमेल नव्हे, पत्र. सही करून, पाकिटात घालून, पोस्टाने. जर्मनीत दोन वर्षं काढल्यावर एवढं कळलं होतं, की गोष्ट ईमेलने मागितली तर ती फारशी महत्त्वाची नसावी असा समज होतो. मजकूर चार ओळींचा होता. तळघरातल्या आमच्या पार्किंगच्या जागेवर गाडी चार्ज करण्यासाठी वॉलबॉक्स बसवायचा आहे, नागरी कायद्याच्या कलम ५५४ नुसार आपली परवानगी मिळावी.

गाडी हौसेने घेतलेली नव्हती. बायको फिजिओथेरपिस्ट. दीड वर्ष कागदपत्रं आणि भाषेच्या परीक्षा केल्यावर तिला गॉटिंगनपासून पंचवीस किलोमीटरवरच्या एका क्लिनिकमध्ये नोकरी मिळाली. काम सकाळी सातला सुरू होतं आणि पहिली बस पकडून ती पावणेआठला पोचायची. म्हणून सेकंडहँड, छोटी इलेक्ट्रिक गाडी घेतली. चार्जिंग कोपऱ्यावरच्या सार्वजनिक खांबावर. तिथली वीज घरच्यापेक्षा महाग, आणि चार तासांनंतर गाडी हलवली नाही तर मिनिटाच्या हिशेबाने दंड. रात्री अकरा वाजता पायजम्यावर जॅकेट चढवून, खाली जाऊन गाडी काढणारा माणूस म्हणून गल्लीत माझी ओळख झाली होती.

कलम ५५४ मधली चार्जिंगची तरतूद १ डिसेंबर २०२०पासून लागू आहे. भाडेकरू घरमालकाकडे चार्जिंगसाठी लागणाऱ्या बांधकामातल्या बदलाची परवानगी मागू शकतो, आणि भाडेकरूची गरज लक्षात घेऊनही मालकावर तो बदल लादणं रास्त नसेल तरच मालक नाही म्हणू शकतो. भाडेकरारात याविरुद्ध काही लिहिलेलं असलं तरी ते चालत नाही. वाचून छाती फुगते. मात्र मिळते ती परवानगी, खर्च आपला. पार्किंगची जागा भाड्यात नसेल, गाडी रस्त्यावर लागत असेल, तर या कलमाचा काहीच उपयोग नाही. आमच्या ओळखीतल्या निम्म्या पोरांची गाडी रस्त्यावर असते. नव्या वॉलबॉक्समागे सरकार एकेकाळी ९०० युरो द्यायचं. ती योजना नोव्हेंबर २०२० मध्ये आली आणि वर्षभरात तिचे पैसे संपले. मी तेव्हा पुण्यात थीसिसची प्रकरणं दुरुस्त करत होतो.

पेशाने भौतिकशास्त्रज्ञ असल्याने आधी हिशेब केला. रोजचे पन्नास किलोमीटर म्हणजे आठ-नऊ युनिट. साध्या सॉकेटमधून २.३ किलोवॅट मिळतात. चार तासांत काम झालं, मग अकरा किलोवॅटचा डबा हवा कशाला? गॅरेजच्या खांबावर एक सॉकेट होतंही. इलेक्ट्रिशियनने ते बघून मान हलवली. तासन्‌तास एवढा भार ओढायला ते बसवलेलंच नाही, तापेल; शिवाय ते इमारतीच्या सामायिक मीटरवर आहे. विचारल्याशिवाय तिथून वीज घेणं हा गुन्हा. त्यामागची गोष्ट मला फार आवडते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की वीज ही 'वस्तू' नाही, त्यामुळे ती चोरताच येत नाही. मग १९०० साली खास विजेच्या चोरीसाठी वेगळा कायदा करावा लागला. सांगलीत आम्ही भाड्याने राहायचो तेव्हा मीटर एकच होतं. आईने इस्त्री लावली की घरमालकीणकाकू वरून हाक मारायच्या. त्यांना कायदा लागत नव्हता.

तर आमच्याच मीटरवरून अठरा मीटर केबल ओढायची. एकदा ती ओढायचीच तर टोकाला डबा बसवणं हा त्यातला लहान खर्च. सगळे मिळून २१०० युरो.

घरमालकांचं उत्तर आठ दिवसांत आलं. ते निवृत्त शिक्षक, अक्षर वळणदार. तत्त्वतः हरकत नाही. पण फ्लॅट त्यांचा असला तरी इमारत चौदा जणांची, त्यामुळे विषय मे महिन्यातल्या मालकांच्या सभेत ठेवावा लागेल. घर सोडताना सगळं काढून भिंत पूर्ववत करून द्यावी लागेल. शेवटी एक वाक्य होतं: "अंदाज यावा म्हणून विचारतो, तुम्ही इथे किती वर्षं राहण्याचा विचार करता?"

हा प्रश्न आम्ही दोघांनी एकमेकांना विचारायचं दोन वर्षं टाळलं होतं. माझं कॉन्ट्रॅक्ट सप्टेंबर २०२६ पर्यंतचं. विद्यापीठांतल्या मुदतीच्या नोकऱ्यांच्या कायद्यानुसार डॉक्टरेटनंतर साधारण सहा वर्षं असं तुकड्यातुकड्याने राहता येतं. पुढे कायमची जागा, नाहीतर नमस्कार. बायकोची नोकरी मात्र कायमची. तिने पत्र वाचलं आणि म्हणाली, "त्यांना काय कळवणार आहेस?" मी म्हणालो, "प्रोफेसरांना विचारून सांगतो." त्या रात्री आम्ही जेवताना फार बोललो नाही. दुसऱ्या दिवशी गाडीत बसताना ती म्हणाली, "मला इथे राहायचंय. तुझं तू ठरव, पण मला माहीत नाही असं म्हणू नकोस." मी घरमालकांना लिहिलं: निदान तीन वर्षं. ते खोटं होतं की इच्छा होती, हे मला अजून सांगता येत नाही.

सभेला भाडेकरूला प्रवेश नसतो. खाली माझ्या भिंतीवर चर्चा चालू होती आणि मी वर भांडी घासत होतो. मालकाला चार्जिंगची सोय नाकारता येत नाही, कशी करायची एवढंच सभा ठरवते. तरी चाळीस मिनिटं लागली. गाडीने पेट घेतला तर काय, उद्या आणखी सहा जणांनी मागितलं तर इमारतीला येणारी केबल पुरेल का, वगैरे. पुण्यातल्या सोसायटीच्या सभेपेक्षा फरक एवढाच की सगळे आळीपाळीने बोलले असावेत. ठराव झाला. नंतर इलेक्ट्रिशियनने वीजजाळ्याच्या कंपनीकडे नोंदणी केली. ११ किलोवॅटपर्यंत नुसतं कळवावं लागतं, त्यावर परवानगी लागते. २०२४पासून नव्या जोडणीला आणखी एक अट आहे: जाळ्यावर ताण आला तर कंपनी आपला पुरवठा ४.२ किलोवॅटपर्यंत खाली आणू शकते. त्या बदल्यात शुल्कात सवलत. आम्हाला ४.२ही भरपूर होते.

करारात घरमालकांनी आपणहून एक कलम घातलं. तीन वर्षांच्या आत गेलात तर डबा काढू नका, मी निम्मे पैसे देईन. माझं उत्तर त्यांना कितपत खरं वाटलं होतं, ते तेव्हा समजलं.

जून २०२५ मध्ये काम झालं. भिंतीला चार भोकं पडली, मी मोजली. बायको आता सव्वासहाला निघते. इलेक्ट्रिशियनने कामाची हमी दोन वर्षांची दिली आहे, जून २०२७ पर्यंत. तो कागद आणि माझं कॉन्ट्रॅक्ट एकाच फाईलमध्ये आहेत.