पऱ्हाटीचा शिन

होळी तोंडावर आलीय. पांढरकवड्याच्या रस्त्याला पळस अंगभर फुललाय, पान नावाला नाही. त्याची एक फांदी इकेबानासाठी, म्हणजे जपानी पुष्परचनेसाठी, घरी आणली.

इकेबानाच्या सोगेत्सू पद्धतीत मुख्य फांद्या तीन: शिन, सोए, हिकाए. भांड्याची रुंदी आणि उंची मिळवायची. शिन त्याच्या दीडपट, सोए शिनच्या पाऊणपट, हिकाए सोएच्या पाऊणपट. उभ्या रेषेपासून कल १५, ४५ आणि ७५ अंश. गणित इथवरच, पुढचं फांदीच्या मनावर.

शिनसाठी मी पऱ्हाटी घेतली. वेचणी संपली की आमच्याकडे ती चुलीत जाते. एका बोंडात कापूस उरला होता, तो तसाच ठेवला. १९२७ मध्ये सोगेत्सू परंपरा सुरू करणाऱ्या सोफू तेशिगाहारांनी लोखंडसुद्धा वापरलं. मग पऱ्हाटीला कोण अडवणार?

पळस मात्र हट्टी. केंझान म्हणजे पितळी सुयांची जड बैठक, तिच्यात जाड फांदी शिरेना. टोकाला उभी चीर दिली, तेव्हा कुठे रुतली.

आई म्हणाली, "एवढी जागा रिकामी काहून? झेंडू लावून दे ना."

नाही म्हटलं. ही रिकामी बाजू म्हणजे निम्मी मांडणी, असं शिकवतात. देवघरातल्या गच्च हारांवर पोसलेल्या माझ्या डोळ्यांना ते अजून पुरतं पटलेलं नाही.